घर सुवासिक राखण्याचे उपाय

शेतकऱ्याचें घर आणि शहरांतील बिऱ्हाड यांत मोठा फरक आहे. बिऱ्हाडांत फार तर चुलीचा व मोरीचा वास येईल; पण आपल्या एकाच छपराखालीं धान्याची कणगी, बियाण्याचीं पोतीं, पेंड, वैरण, गुरें आणि फवारणीचीं औषधें हीं सर्व नांदत असतात. अशा घरांत नाना प्रकारचे वास असावयाचेच. त्यांवर बहुतेक घरीं एकच उपाय होतो, तो म्हणजे सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावणें. परंतु दुर्गंधावर सुगंध पसरणें म्हणजे थकबाकी वसूल न करतां खातें मिटविण्यासारखें आहे. बाकी कायम राहते. ती दिसत नाहीं इतकेंच.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. पाहणीच्या निमित्तानें अनेक गांवीं, अनेकांच्या ओसरीवर बसण्याचा योग आला. त्यावरून एक गोष्ट ध्यानांत आली ती ही कीं, वास हा घराचा जागल्या आहे. जागल्यानें हाक दिली तर उठून पाहावें. त्याच्या तोंडावर हात ठेवूं नये.

प्रथम गोठा घेऊं. गोठ्यांत नाकाडोळ्यांस झोंबणारा जो उग्र वास येतो तो अमोनिया वायूचा होय. जनावराच्या मूत्रांतील नत्राचें रूपांतर होऊन हा वायू बनतो व हवेंत उडून जातो. म्हणजे ज्या नत्रासाठीं आपण युरियाचें पोतें विकत आणतों, तोच नत्र आपल्या घरीं दुर्गंध पसरवून फुकट जात असतो. उपाय बिनखर्ची आहे. गोठ्याच्या जमिनीस एका बाजूस उतार द्यावा. गुरें उभीं राहतात तेथें कोरडी माती किंवा गव्हाणींतील उरलासुरला पाचोळा पसरावा. तो भिजला कीं रोजच्या रोज खताच्या खड्ड्यांत टाकून वर मातीचा थर द्यावा. एकाच श्रमांत वास जातो व खतही सुधारतें.

दुसरें ठिकाण धान्याच्या खोलीचें. तेथील कुबट वास ही ओलीची व बुरशीची वर्दी आहे. ज्वारी, गहूं यांसारखें धान्य दाताखालीं कट्ट वाजेपर्यंत वाळवूनच भरावें. दाण्यांत शेंकडा १२ हून अधिक ओलावा नसावा. पोतीं जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर व भिंतीपासून हातभर दूर रचावीं. कुबट झालेल्या शेंगा, मका किंवा पेंड ऊन दाखवून चालवून घेण्याची संवय मात्र घातक आहे. १९६० सालीं इंग्लंडांत १ लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्याचा तपास करतां त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचें विष सांपडलें. त्यास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. तें यकृतास अपाय करतें, शिजविल्यानें पुरतें नाहींसें होत नाहीं, आणि दुभत्या जनावराच्या पोटांत गेल्यास त्याचा अंश दुधांतही उतरतो. अशा मालाचा वास धुपानें झांकणारा मनुष्य आपल्याच मुलांबाळांचें अहित करतो.

याहून भयंकर वास आणखी आहेत. कीड लागूं नये म्हणून कोणी धान्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेंतील ओलाव्यानें त्यांतून फॉस्फिन नांवाचा अत्यंत विषारी वायू निघतो. त्याचा वास लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा असतो. परंतु वास आला नाहीं म्हणून वायू नाहीं असें समजूं नये. या विषावर नेमका उतारा नाहीं. राहत्या घरांत त्या गोळ्या ठेवूंच नयेत. तें काम शिकलेल्या व परवानगी असलेल्या माणसांचें आहे. तसा वास आल्यास शोध करीत न बसतां माणसें व गुरें बाहेर काढावीं, आणि कोणास मळमळ किंवा घाबरें वाटल्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

स्वयंपाकाच्या गॅसलाही स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळलेलें असतें. हा वायू हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो. तो वास येतांच काडी ओढूं नये व विजेचें बटणही दाबूं नये. दारें-खिडक्या उघडून सिलिंडरची कळ बंद करावी.

याच्या उलट, निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वासच नसतो. बाळंतिणीच्या खोलींत दारें लावून शेगडीवर ओवा, शेपा, वावडिंग यांची धुरी देण्याची आपल्याकडे चाल आहे. खोली सुवासानें भरते, पण त्याच खोलींत हा वायूही सांचत असतो. बंद खोलींत निखारे कधींही ठेवूं नयेत, आणि तान्ह्या मुलास तर धुरापासून दूरच ठेवावें. येथें जागल्या हाक देत नाहीं, म्हणून आपणच जागें राहिलें पाहिजे.

आतां सुवासाकडे वळूं. त्याचें पहिलें साधन म्हणजे वारा व ऊन. समोरासमोर झरोके असावे. अंथरुणें-पांघरुणें आठवड्यांतून एकदां कडक उन्हांत टाकावीं. भिंतींस दरवर्षीं कळीच्या चुन्याचा हात द्यावा. चुन्यापुढें बुरशी टिकत नाहीं. मोरी रोज घांसावी व तिचें पाणी दाराशीं तुंबूं न देतां केळी-कर्दळीच्या आळ्यांत सोडावें.

इतकें झाल्यावर सुगंधी झाडांकडे पाहावें. दारीं तुळस, मरवा व सब्जा, ओसरीपुढें मोगरा, कुंपणाशीं रातराणी व पारिजातक यांस फारशी जागा लागत नाहीं. परंतु शेतकऱ्यास सर्वांत उपयोगी वाळा. विहिरीच्या पाटाजवळ पावसाळ्याच्या आरंभीं त्याचे ठोंब लावावे; सुमारें दीड वर्षांत मुळ्या काढण्याजोग्या होतात. त्या स्वच्छ धुऊन सावलींत वाळवाव्या. त्यांची पुरचुंडी कपड्यांच्या पेटींत किंवा पाण्याच्या माठांत घालावी. उन्हाळ्यांत त्यांचा पडदा दारास लावून पाणी शिंपडल्यास घर थंड व सुगंधी राहतें. मात्र बांधाची माती धरून ठेवण्यासाठीं लावलेला वाळा मुळ्यांकरितां खणूं नये. सुवासाच्या लोभानें बांध जाईल. शेतांतील ज्या लव्हाळ्यास आपण शिव्या देतों, त्याच्या गांठीही वाळल्यावर सुवासिक होतात. त्या खुरपणीच्या वेळीं वेंचून ठेवाव्या.

धूप, ऊद, गुग्गुळ यांस आमचा विरोध नाहीं. देवापुढें ते जरूर जाळावे. खिडकी उघडी असावी व धूर बेताचा असावा, इतकेंच सांगणें आहे.

तात्पर्य, मृग निघण्यापूर्वीं छपराची गळती, भिंतींचा चुना व गोठ्याचा उतार पाहावा. पाऊस उघडल्यावर धान्याची खोली रिकामी करून ऊन द्यावें. आणि घरांत कोणताही नवा वास आला तर उदबत्तीच्या पुड्यास हात घालण्याआधीं तो कोठून आला हें शोधावें. ज्या घरांत हा क्रम पाळला जातो, तेथें उदबत्तीचा एक पुडा पुष्कळ दिवस पुरतो.