जुन्या पिकअप गाडीच्या आवाजाची परीक्षा

विहिरीवरील तेलाचें इंजिन चालूं असतां दूर वाफ्यांत उभा असलेला शेतकरी केवळ आवाजावरून पाणी तुटलें कीं काय हें ओळखतो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यास १९४६ सालीं निघाली. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांचे कान या विद्येंत चांगले तयार झाले आहेत. परंतु तोच शेतकरी आपल्या जुन्या पिकअप गाडींत बसला म्हणजे कांच वर करतो, आणि इंजिनाची तक्रार त्याच्या कानीं पडत नाहीं. या उपेक्षेची किंमत फार पडते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

छत्रपति संभाजीनगरांतील क्रांती चौक, जेथें २०२२ सालीं श्रीशिवछत्रपतींचा नवा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तो आमच्या बहुतेक वाचकांस परिचित आहे. जाधववाडीच्या बाजार समितीकडे माल नेतांना तो पुष्कळांच्या वाटेवर पडतो. सिग्नलापाशीं गाडी थांबली म्हणजे मंद गतीचा आवाज, आणि जालना रस्त्याचा उड्डाणपूल चढतांना भाराखालचा आवाज, असे दोन्ही तेथें ऐकावयास मिळतात. कांच खालीं असल्यास कठड्यावर आदळून परतणारा ध्वनि स्पष्ट येतो. संशय तेथें घ्यावा. परीक्षा मात्र घरीं खळ्यावर, शांत वेळीं करावी.

प्रथम गाडीचा निरोगी आवाज ओळखीचा असावा. डिझेल इंजिनांत दाबानें तापलेल्या हवेंत तेल शिरून पेट घेतें. म्हणून थंड असतां तें कांहींसें खडखडणारच. २००५ सालीं निघालेल्या टाटा एस या लहान गाडीचें मूळ इंजिन दोनच सिलिंडरांचें होतें. त्याचा थरकाप चार सिलिंडरांच्या गाडीच्या मापानें मोजूं नये. कालच्याहून आज आवाज बदलला, म्हणजे सावध व्हावें.

नंतर गाडी उभी ठेवून, गियर काढून, इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्या. आवाज वाढला तर दोष इंजिनाकडे. गाडीच्या चालीबरोबरच वाढत असेल तर चाकांकडे अथवा जॉइंटाकडे. क्लच दाबतांच घरघर सुरू झाली तर क्लचचें बेअरिंग, आणि दाबतांच थांबली तर बहुधा गियरपेटीचें बेअरिंग संशयास पात्र होय.

माथ्यावरून येणारी हलकी, नियमित टिकटिक बहुधा टॅपेटची फट वाढल्यानें होते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते. मिनिटास ८०० फेऱ्या असतां एक झडप ४०० वेळां वाजते, म्हणून हा आवाज संथ लागतो. अगोदर ऑइलची पातळी पाहावी, मग मिस्त्रीकडून फट बसवून घ्यावी. यांत घाबरण्याजोगें कांहीं नाहीं.

परंतु तळाकडून जड, खोल ठोका येत असेल, भार पडतांच तो वाढत असेल, व ऑइलचा तांबडा दिवाहि लुकलुकत असेल, तर कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग झिजलें असें समजावें. येथें इंजिन तत्काळ बंद करावें. वेळींच थांबल्यास बहुधा बेअरिंगच्या वाट्या बदलून, फार तर क्रँक घासून काम भागतें. तशीच दामटल्यास रॉड तुटून ब्लॉकास भोंक पडूं शकतें, आणि मग सगळें इंजिनच गेलें. गाडींत टोमॅटो आहेत, बाजार चुकेल, हा विचार त्या वेळीं मनांत येतोच. पण तें नुकसान एका खेपेचें आहे. माल दुसऱ्या गाडींत भरून द्यावा, व आपली गाडी ओढून न्यावी.

तीक्ष्ण ठणठण व सोबत काळा वा पांढरा धूर असल्यास इंजेक्टर तपासावे. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडींत मिस्त्री एकेका नळीचें नट किंचित् सैल करतो. ज्या सिलिंडराचें तेल तोडतांच ठोका थांबतो, तेथें दोष शोधावा. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत मात्र हा प्रयोग कधींहि करूं नये. त्यांतील तेलाचा दाब १,००० बारांवरहि जातो, व ती धार कातडी भेदून शरीरांत शिरते.

पट्ट्याचा चीत्कार येत असेल तर दुरून पाण्याचे चार थेंब पट्ट्यावर टाकावे. आवाज क्षणभर बदलला तर दोष पट्ट्याचा, त्याच्या ताणाचा किंवा कप्प्यांच्या रांगेचा. उपरण्याचें टोंक व हात दूर ठेवावे. सकाळीं फुसफुस येऊन गरम झाल्यावर कमी होत असेल, व मॅनिफोल्डच्या सांध्याशीं काजळी दिसत असेल, तर पॅकिंग गेलें आहे. नेमकी जागा शोधण्यास लांब पेचकसाचें टोंक इंजिनाच्या न फिरणाऱ्या भागावर टेकून मूठ कानामागील हाडास लावावी; सदोष जागीं आवाज मोठा येतो.

पीकपाहणीची नोंद ठेवतों तशीच गाडीची एक लहान वही ठेवावी. आवाज कोणत्या दिवशीं, थंड कीं गरम असतां, किती भारावर आला, आणि ऑइल केव्हां बदललें, एवढें तींत असावें. मिस्त्रीस ‘गाडी आवाज करते’ एवढेंच सांगणारा मालक पुष्कळदां नको तो भाग बदलून येतो. वही पुढें ठेवणाऱ्याचा खर्च, आमच्या मतें, खचित कमी होईल.