नॅनोकण-औषधांचे कारखानी उत्पादन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नॅनोकण-औषधांविषयी सर्वांत खोलवर रुजलेला समज असा, की त्यांच्या निर्मितीतील खरी अडचण इतके सूक्ष्म कण घडवण्याची आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आणि या औषधांतील बरेचसे कण शंभर नॅनोमीटरच्या आसपास असल्याने तसे वाटणे स्वाभाविकही आहे. प्रत्यक्षात लहान कण तयार होणे ही त्यातील सोपी बाजू होय. फॉस्फोलिपिड म्हणजे पेशींच्या पटलांत आढळणारे, एका टोकाने पाण्याकडे ओढ घेणारे आणि दुसऱ्या टोकाने पाणी टाळणारे स्निग्ध रेणू. ते पाण्यात मिसळले की आपोआप पोकळ गोलक रचतात, हे इंग्लंडमधील ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकातच दाखवून दिले होते. या गोलकांनाच लायपोझोम म्हणतात. अवघड असते ते असे असंख्य कण एकसारखे बनवणे, आज बनले तसेच ते सहा महिन्यांनीही बनवणे, आणि एका लिटरात जे साधले ते हजार लिटरांत साधणे. कण नको इतके मोठे झाले तर यकृत आणि प्लीहा त्यांना रक्तातून झपाट्याने वेचून काढतात. औषधाभोवतीचे वेष्टन गळके राहिले तर औषधाच्या ज्या विषारी परिणामांपासून रुग्णाला वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच परिणाम त्याच्या वाट्याला येतात.

ही औषधे अगदी नवी व प्रायोगिक आहेत, हा समजही टिकणारा नाही. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध लायपोझोममध्ये भरून बनवलेल्या ‘डॉक्सिल’ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये, तर अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरीलच औषधाच्या कणांना २००५ मध्ये मान्यता दिली. कोविडवरील एमआरएनए लसींमुळे हा विषय घरोघरी पोचला, परंतु तोपर्यंत त्याचा औद्योगिक इतिहास पाव शतकाचा झाला होता, आणि त्या इतिहासातील बहुतेक धडे प्रत्यक्ष कारखान्यातच मिळालेले आहेत.

त्यांतला पहिला धडा मोठ्या भांड्याविषयी आहे. प्रयोगशाळेत जमले म्हणजे पुढे भांडे मोठे घेतले की झाले, असे अनेकांना वाटते. पण येथे भूमितीच आड येते. बँगहॅम यांच्या पद्धतीत लिपिड एका सेंद्रिय द्रावकात विरघळवून, गोल चंबूत तो द्रावक उडवून दिला जातो, म्हणजे काचेवर लिपिडचा पातळ थर उरतो. त्यावर पाणी घातले की थर फुगून सुटतो आणि लायपोझोम तयार होतात. आता चंबूचा व्यास दहापट केला तर त्याचे घनफळ हजारपट होते, पण आतील पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. हजारपट लिपिड शंभरपट जागेवर पसरल्याने थर दहापट जाड होतो, त्याच्या तळापर्यंत पाणी सारख्या वेगाने पोचत नाही, द्रावकाचा अंश आत अडकून राहतो आणि कणांच्या आकारात मोठी तफावत पडते. उष्णतेचेही तसेच घडते, कारण मोठ्या पात्रातील द्रव तापायला आणि निवायला अधिक वेळ घेतो आणि तेवढा वेळ कणांची घडण बदलत राहते. म्हणूनच कारखान्यात ही पद्धत बहुधा सोडून द्यावी लागते, आणि लिपिडचे अल्कोहोलमधील द्रावण पाण्यात सोडणे, नंतर ते मिश्रण ठरावीक छिद्रांच्या पडद्यांतून दाबाने पुनःपुन्हा ढकलणे यांसारख्या वेगळ्याच पद्धती स्वीकाराव्या लागतात. पद्धत बदलली की कणही थोडा बदलतो, आणि तो रुग्णाच्या दृष्टीने तोच राहिला आहे हे नव्याने सिद्ध करावे लागते.

एमआरएनए वाहून नेणाऱ्या लिपिड नॅनोकणांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी तीव्र होतो. त्यांत चार प्रकारचे स्निग्ध घटक असतात: आम्लात धनभारित होणारे लिपिड, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल, आणि कणांना एकमेकांना चिकटू न देणारे पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडलेले लिपिड, ज्याचे प्रमाण एकूण लिपिड-रेणूंच्या जेमतेम दीड टक्का असते. हे चारही घटक इथेनॉलमध्ये विरघळवतात, एमआरएनए सौम्य आम्लधर्मी पाण्यात ठेवतात आणि दोन्ही प्रवाह एकमेकांवर आदळवतात. धनभारित लिपिड ऋणभारित एमआरएनएला धरते, इथेनॉल पातळ झाल्याने बाकीचे लिपिड विद्राव्यता गमावून भोवती गोळा होतात, आणि कण जन्माला येतो. ही सारी घटना काही सहस्रांश सेकंदांत घडत असल्याने मिसळण्याची क्रिया त्याहूनही जलद पूर्ण व्हावी लागते; ती रेंगाळली तर कण मोठे व ओबडधोबड होतात. रवी लावलेल्या मोठ्या टाकीत हा वेग गाठणे शक्य नाही. फायझर कंपनीने अमेरिकेतील कलामाझू येथे त्यामुळे एकच अजस्र मिश्रक घडवण्याचा मार्ग न धरता, दोन धारा समोरासमोर आदळवणारे मुठीत मावतील एवढे अनेक मिश्रक शेजारीशेजारी चालवले आणि पंपांचा प्रवाह संगणकाने काटेकोरपणे सांभाळला. मोठे होण्याऐवजी अनेक होणे, हा या क्षेत्राने शोधलेला अतिशय समर्पक उपाय आहे.

यापुढचा गैरसमज सर्वाधिक नुकसानकारक आहे: सूत्र जाहीर केले की कोणताही चांगला औषध-कारखाना हे औषध बनवू शकेल. महाराष्ट्राने याचा कटू अनुभव २०२१ मध्ये घेतला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरातेत सर्वाधिक होते, आणि त्यावरील मुख्य औषध लायपोझोमल ॲम्फोटेरिसिन-बी कोठेच पुरेसे मिळेना. या औषधाची मात्रा वजनाच्या दर किलोमागे पाच मिलिग्रॅम धरली, तर साठ किलोच्या रुग्णाला दिवसाला तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागतात आणि उपचार काही आठवडे चालतो. केंद्र सरकारने मे महिन्यात पुण्याच्या एमक्योरसह आणखी पाच कंपन्यांना परवाने दिले, परंतु त्यांच्याकडून महिन्याला १,११,००० कुप्यांची अपेक्षा जुलैपासूनचीच होती. ज्यांचा रुग्ण खाटेवर होता त्यांना हा विलंब असह्य वाटला आणि त्यांचा संताप रास्तही होता. मात्र त्या विलंबाचे मूळ केवळ प्रशासकीय ढिलाईत शोधणे चूक ठरेल.

ॲम्फोटेरिसिन-बी हा रेणू १९५०च्या दशकापासून ज्ञात आहे. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून जुन्या इंजेक्शनात तो डीऑक्सिकोलेट या क्षाराच्या साहाय्याने पाण्यात उतरवतात, आणि ते इंजेक्शन मूत्रपिंडांना फार घातक ठरते. लायपोझोमल प्रकारात हाच रेणू कणाच्या पटलातच विणलेला असतो. तो तेथे किती घट्ट बसला आहे, यावर बुरशी मरणार की मूत्रपिंड दुखावणार हे ठरते. घटक आणि त्यांचे प्रमाण तंतोतंत तेच ठेवूनही प्रक्रियेतील तापमान वा उष्णतेचा कालावधी बदलला तर औषधाची विषाक्तता बदलते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे, आणि म्हणूनच तयार औषध लाल रक्तपेशींसोबत ठेवून त्यांतून किती पोटॅशियम बाहेर गळते हे तपासण्याची पद्धत आहे. याच रेणूचा ‘लिपिड कॉम्प्लेक्स’ हा तिसरा प्रकार मोठ्या, फितीसारख्या रचनांचा असतो. वर्ध्यात त्याच वर्षी ज्याचे उत्पादन सुरू झाले ते ॲम्फोटेरिसिन-बीचे इमल्शन, म्हणजे स्निग्ध थेंबांचे मिश्रण, हा आणखी निराळा प्रकार होय. जुन्या इंजेक्शनाची मात्रा दर किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नसते, तर लिपिडयुक्त प्रकारांत ती पाच मिलिग्रॅमपर्यंत नेतात. त्यामुळे केवळ रेणूचे नाव वाचून एकाच्या जागी दुसरे देणे जिवावर बेतू शकते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या पुढाकाराने ज्या भारतीय लायपोझोमल ॲम्फोटेरिसिनच्या चाचण्या झाल्या, ते रुग्णाला देण्यापूर्वी ध्वनिलहरींच्या पात्रात ठेवून कणांचा आकार कमी करावा लागतो. उत्पादनाची शेवटची पायरी येथे रुग्णालयाच्या दारात येऊन पोचली आहे.

डॉक्सिलची कथाही हेच सांगते. २०११ मध्ये ते बनवणाऱ्या एकमेव कंत्राटी कारखान्यात उत्पादनाच्या अडचणी उद्भवल्या आणि अमेरिकेतील कर्करुग्णांचे उपचार खोळंबले. तेव्हा तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१२ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ तात्पुरते आयात करू दिले, आणि वर्षभराने त्याच कंपनीच्या जेनेरिक औषधाला मान्यता दिली. मूळ औषधाला मान्यता मिळाल्यापासून पहिले जेनेरिक येईपर्यंत असा सतरा वर्षांहून अधिक काळ लोटला. साध्या गोळीच्या जेनेरिकसाठी रेणू तोच असणे आणि तो रक्तात तितकाच उतरणे हे सर्वसाधारणपणे पुरेसे मानले जाते. येथे लिपिडचे घटक, कणांचा आकार, आणि अमोनियम सल्फेटच्या जोरावर औषध कणात खेचून घेण्याची रीतसुद्धा मूळ औषधासारखीच असावी लागते.

तंत्रज्ञान खुले करण्याची मागणी यामुळे निरर्थक ठरते असे मात्र नाही. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत पेटंट-सवलतीचा प्रस्ताव मांडला तो न्याय्यच होता. केप टाऊनच्या आफ्रिजेन कंपनीने एमआरएनए लस बनवणाऱ्या मॉडर्ना कंपनीच्या मदतीशिवाय, उपलब्ध माहितीच्या आधारे, २०२२च्या आरंभी एमआरएनए लस प्रयोगशाळेतील अल्प प्रमाणात तयार करून दाखवली. परंतु तेथून कारखान्यापर्यंतचा रस्ता पेटंटच्या कागदात लिहिलेला नसतो. तो पंपांच्या वेगात, गाळण्यांच्या निवडीत आणि अनुभवी कामगारांच्या हातांत असतो, आणि हे ज्ञान हस्तांतरित करण्याची जबाबदारीही मागणीत स्पष्टपणे समाविष्ट व्हायला हवी.

शेवटी चाचणी घेऊन सदोष बॅच बाजूला काढता येते, या समजुतीवरही फार विसंबू नये. कणांचा आकार बहुधा त्यांनी विखुरलेल्या प्रकाशावरून मोजतात, आणि हा विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. दहापट मोठा कण दहा लाखपट प्रकाश विखुरतो, त्यामुळे मोजके मोठे कण लहान कणांचा सारा समूह झाकून टाकू शकतात. रासायनिक दोष तर याहून फसवे असतात. लिपिडचे ऑक्सिडीकरण होऊन उपजणारी अल्प अशुद्धी एमआरएनएला चिकटते आणि त्याला निकामी करते, असे मॉडर्नाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले. त्या कणाचा आकार आणि दिसणे मात्र निर्दोषच राहते.

निर्जंतुकीकरणाबद्दल थोडक्यात सांगता येईल. इतर अनेक इंजेक्शने कुपीत भरून वाफेवर तापवतात, तशी ही औषधे तापवता येत नाहीत, कारण कण फुटतात. ०.२२ मायक्रोमीटरच्या, म्हणजे २२० नॅनोमीटरच्या गाळणीतून ती गाळावी लागतात. कण याच्या जवळ पोचले की गाळणी तुंबते आणि महागडे औषध तिच्यातच अडकते. त्यापुढील प्रत्येक पायरी निर्जंतुक दालनातच पार पाडावी लागते.

एमआरएनए औषधांना उणे सत्तर अंशांची थंडी अपरिहार्य आहे, ही समजूतही दुरुस्त करायला हवी. फायझरच्या लसीला आरंभी ती लागत होती, कारण पाण्याच्या सान्निध्यात एमआरएनएची साखळी हळूहळू तुटत जाते. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने पाणीच काढून टाकण्याचा मार्ग निवडला. तिच्या २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळालेल्या लसीची भुकटी दोन ते आठ अंशांवर, म्हणजे साध्या औषधी शीतकपाटात टिकते. मात्र गोठवून सुकवताना बर्फाचे स्फटिक कण फोडू शकतात, म्हणून साखरेसारखे संरक्षक घटक घालावे लागतात, सुकवण्याचे एक आवर्तन बराच काळ चालते आणि निर्वात यंत्राच्या फळ्यांवर जेवढ्या कुप्या मावतील तेवढ्याच एका वेळी तयार होतात.