रोग एकाचा, आजार घराचा

कर्करोगाचे निदान एका माणसाचे होते. आजारी मात्र सारे घर पडते. काणकोण वा सत्तरीतील एखाद्या कुटुंबावर हा प्रसंग ओढवला की सोबत कोण जाणार, किती दिवस, राहावयाचे कोठे आणि मागे म्हाताऱ्यांना व शाळकरी मुलांना कोणी सांभाळावयाचे, हे प्रश्न औषधाच्या आधी उभे राहतात. बांबोळीच्या गोमेकॉत या रोगावर उपचार होतात. तरीही परळची वाट धरणारे गोमंतकीय रुग्ण आजही आहेत.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय मुळात एका घराच्या दुःखातूनच उभे राहिले. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या आणि त्यांचे पती सर दोराबजी यांच्या नावाच्या न्यासाने १९४१ साली हे रुग्णालय सुरू केले. परंतु देशभरातून लोटणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना कोणतेही रुग्णालय पुरे पडत नाही. पदपथावर पथारी टाकलेली माणसे मुंबईकरांच्या परिचयाची आहेत. त्यांतील कितीतरी जणांना दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेने छप्पर दिले. देऊळ बांधण्याआधी धर्मशाळा बांधणाऱ्या त्या संताचे मोल अशा वेळी कळते.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. २०१६ च्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबास अडीच लाख व त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाख रुपयांचे संरक्षण मिळाले. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास रेल्वे शयनयानात भाडे माफ करते आणि सोबत्यासही पंचाहत्तर टक्के सवलत देते. रुग्ण एकटा नसतो, हे रेल्वेला उमगले आहे. मात्र सोबत्याची बुडालेली मजुरी, त्याची झोप, त्याचे जेवण यांचा हिशेब कोणत्याच योजनेत नाही. सवलतीच्या कागदांसाठी कोणत्या खिडकीवर जावे, हे त्याला आपुलकीने सांगणारा माणूसही हवा.

उपचार थांबतात तेथे तर घर अगदीच एकाकी होते. असह्य वेदनेवर मॉर्फिन मिळणे सुलभ व्हावे म्हणून संसदेने २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलला. परंतु ते देण्याची जाण असलेला डॉक्टर आणि घरी येणारी परिचारिका गावापर्यंत पोहोचल्याखेरीज कायदा कागदावरच राहावयाचा. लोटलीच्या शांती अवेदना सदनात ख्रिस्ती भगिनींनी अखेरच्या अवस्थेतील रुग्णांची शुश्रूषा व्रत म्हणून पत्करली. तेथे कोणाचा धर्म विचारला जात नाही.

मग आम्ही काय करणार? आमच्या देवस्थानांच्या अग्रशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या परगावच्या महाजनांना आसरा दिला आहे. जत्रा आटोपल्यावर त्यांतील खोल्या बऱ्याचदा कुलूपबंद असतात. देवस्थान समित्यांनी एकत्र येऊन बांबोळीच्या आसपास रुग्णांच्या सोबत्यांसाठी एक अग्रशाळा का चालवू नये? सरकारने जागा द्यावी, देवस्थानांनी अन्न व निवारा द्यावा आणि तरुणांनी आठवड्यातून काही तास द्यावेत.

आणखी एक गोष्ट मात्र घराघरातच व्हावयास हवी. या रोगाचे नाव आजही दबल्या आवाजात घेतले जाते. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून आईची गाठ लपविली जाते. देवाचा कौल अवश्य घ्यावा, परंतु त्यासाठी तपासणी लांबवू नये. लपविलेला रोग वाढतो आणि लपविणारे घर शेजाऱ्याच्या मदतीलाही मुकते. शेजारधर्म हा गोव्याचा जुना ठेवा आहे. तो वापरावयाची वेळ हीच.