पडद्यावरील रहस्य

शिंदखेड्यासारख्या गावांतील जुने धाब्याचे घर म्हणजे जाड मातीच्या भिंती आणि लहान खिडक्या. अशा घरात रात्री वीज गेली आणि कोणी कंदील लावून जमिनीवर ठेवला, म्हणजे क्षणापूर्वीचे ओळखीचे घर पालटून जाते. खुंटीवरचा सदरा भिंतीवर एखाद्या उंच माणसासारखा भासतो. वर धाब्यावर कोणी चालत असल्यासारखे वाटते. वस्तुतः सदरा तोच असतो आणि धाब्यावर मांजराखेरीज कोणी नसते. तथापि दिसणे अपुरे झाले की उरलेला भाग मन स्वतः भरून काढते, आणि त्या भरतीला भीतीचा रंग चटकन चढतो. रहस्यपट निर्माण करणाऱ्यांची सारी विद्या मनुष्यस्वभावाच्या या एका खुणेवर उभी आहे.

मुंबईजवळ मालाड येथे हिमांशु राय व देविका राणी यांनी १९३४ साली ‘बॉम्बे टॉकीज’ ही चित्रसंस्था स्थापन केली. तिचा ‘महल’ हा हिंदी बोलपट १९४९ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक कमाल अमरोही. प्रमुख भूमिका अशोककुमार व मधुबाला यांच्या. एक तरुण नदीकाठच्या ओसाड महालात राहावयास येतो. तेथे भिंतीवरील एक जुने चित्र खाली पडते, आणि त्यातील मृत पुरुषाचा चेहरा हुबेहूब आपल्यासारखा असल्याचे त्याला दिसून येते. पुढे अपरात्री एका स्त्रीचे गाणे ऐकू येऊ लागते. ती स्त्री कोण, हे येथे सांगणे बरे नव्हे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार कोणासही नाही.

या महालात कॅमेरा चालविणारे छायालेखक होते जोसेफ विर्शिंग. ते जर्मनीतील म्युनिकहून आलेले. सावलीला पात्राइतके महत्त्व देण्याची रीत जर्मन चित्रपटांत फार पूर्वीच रूढ झाली होती. १९२० सालच्या ‘डॉ. कॅलिगारी’ या मूकपटात तर सावल्या चक्क रंगाने नेपथ्यावर काढल्या होत्या! विर्शिंग यांनी रंगाऐवजी दिव्यांवर भिस्त ठेवली. सारा दिवाणखाना उजळण्याऐवजी प्रकाश एकाच बाजूने आणला, की चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात राहतो. मग त्या अर्ध्या भागात काय आहे, हे प्रेक्षक शोधू लागतो.

याच्या उलट युक्ती पुण्याच्या ‘प्रभात’ कंपनीने १९३४ सालच्या ‘अमृतमंथन’ या बोलपटात योजिली होती. व्ही. शांताराम यांनी दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाने राजगुरूच्या डोळ्याचे चित्र घेतले आणि तो एक डोळा पडद्यावर प्रचंड करून दाखविला. येथे अंधार नाही. परंतु बाकीचा माणूस चौकटीबाहेर गेल्यामुळे त्याच्या मनाचा थांग लागत नाही. झाकणे हे केवळ काळोखानेच साधते असे नाही.

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. म्हणून रहस्यपटात ध्वनीची सत्ता चित्राहूनही मोठी असते. ‘प्रभात’नेच १९३७ साली ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत वर्ज्य करून प्रसंगातील स्वाभाविक आवाजांवर भर दिला. ‘कुंकू’ काही रहस्यपट नव्हे. परंतु वाद्ये थांबली म्हणजे साधा आवाजही किती बोलू लागतो, हे त्याने दाखवून दिले. पुढे वाद्यांचा कल्लोळ करून प्रेक्षकाला दचकविण्याची खोड अनेकांना लागली. तसे दचकविणे सोपे आहे. घरी परतल्यावरही आठवत राहील अशी हुरहूर लावणे अवघड आहे.

‘महल’मधील गीत ही हुरहूर लावते. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्यापुढे प्रश्न असा होता की, गाणारी दुरून जवळ येत आहे असे ऐकणाऱ्याला वाटावे कसे? आजच्यासारखी यंत्रे तेव्हा नव्हती. तेव्हा ध्वनिक्षेपक खोलीच्या मध्यभागी ठेवला. विशीच्या उंबरठ्यावरील एक गायिका (तिचे नाव पुढे येईलच) कोपऱ्यात उभी राहिली आणि गीताची संथ, तालाविना चालणारी सुरुवात गात गात पावलापावलाने पुढे आली. तोंड ध्वनिक्षेपकाजवळ पोहोचावे आणि नेमका त्याच वेळी गीताचा मुखडा सुरू व्हावा, असा हिशेब होता. एक पाऊल चुकले तर सारे पुन्हा प्रारंभापासून! कितीदा तरी असे झाल्यावर ते गीत साधले. चित्रपटगृहातील प्रेक्षकाला यातले काही ठाऊक नसते. त्याला एवढेच कळते की कोणीतरी अंधारातून येत आहे.

आवाज कोठून येतो हे शोधत नायक महालात फिरतो. येथे संकलकाचे काम सुरू होते. पुढे थोर दिग्दर्शक म्हणून ख्याती पावलेले बिमल रॉय हे ‘महल’चे संकलक होते. चित्रफितीचे तुकडे कापून जोडणे एवढेच संकलन नव्हे. १९२० च्या सुमारास रशियातील लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या थाळीशेजारी आणि एकदा शवपेटीशेजारी जोडून दाखविला. चेहरा एकच; पण पाहणाऱ्यांना त्यात एकदा भूक दिसली, एकदा शोक दिसला. अर्थ चित्रांत नव्हता, जोडात होता. रहस्यपटाचा संकलक याच जोडाचा उपयोग उत्तर लांबविण्याकरिता करतो. ऐकणाऱ्याचा चेहरा दाखविला, की पुढचे चित्र गाणाऱ्याचे असावे अशी अपेक्षा असते. त्या जागी तो रिकामा सोपा जोडतो. फार लांबविले तर प्रेक्षक कंटाळतो, लवकर दाखविले तर जादू संपते. हे माप कोणत्याही ग्रंथात सापडत नाही.

हे गीत ध्वनिमुद्रिकेवर निघाले तेव्हा गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असे छापलेले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव. पडद्यावर गाणारी स्त्री लपली होती, तशी तबकडीवर खरी गायिकाही लपली. आणि हे लपविणे कलेचा भाग नव्हते, तर पार्श्वगायकांना श्रेय न देण्याची त्या काळची चाल होती. रेडिओवर गीत लागताच श्रोत्यांची पत्रे येऊ लागली. हा आवाज कोणाचा? अखेर ध्वनिमुद्रिका कंपनीकडून नाव मिळवून ते रेडिओवरून सांगण्यात आले: लता मंगेशकर. शिंदखेड्याहून तापी ओलांडून गेले की शिरपूर तालुक्यात थाळनेर हे गाव लागते. ते त्यांचे आजोळ.