मोटारगाडीतील सुखसोयी

मोटारगाडीच्या अंतर्भागात चालकाचा व उतारूंचा प्रवास सुखकर व्हावा म्हणून केलेल्या व्यवस्थांना ही संज्ञा लावतात. जुळवून घेता येणारी बैठक, वायुवीजन, तापक व वातानुकूलन यंत्रणा, खालीवर होणाऱ्या काचा, दारांची कुलपे, आरसे, अंतर्गत दिवे, ऊन अडविणाऱ्या झडपा, ध्वनियंत्रणा इत्यादींचा त्यांत समावेश होतो. एंजिन किंवा ब्रेक यांप्रमाणे या व्यवस्था गाडी चालण्यास अपरिहार्य नसल्यामुळे त्यांची गणना पुष्कळ काळ चैनीत होत असे. प्रत्यक्षात चालकाची दृष्टी स्वच्छ राखणे, त्याला थकवा व पेंग येऊ न देणे आणि अपघातात शरीराला आधार देणे ही कामेही त्या करतात. अयोग्य रीतीने वापरल्यास मात्र याच सोयी धोक्याच्या ठरतात. कोल्हापूर परिसरात या दोन्ही बाजू विशेष स्पष्टपणे दिसतात. पूर्वेकडील कोरडे ऊन, पश्चिमेकडील अतिवृष्टीचे घाट, घाटाखालील दमट कोकण आणि पावसाळ्यात पात्राबाहेर पडणारी पंचगंगा या भिन्न परिस्थितींशी येथील वाहनचालकाचा थोड्या अंतरात संबंध येतो.

इतिहास : आरंभीच्या मोटारी घोडागाडीच्या धर्तीवर बांधलेल्या व बहुधा उघड्या असत. स्प्रिंगा, गादी व घडीचे छत एवढ्याच सोयी त्यांत होत्या. पावसात पुढील काच हाताने पुसावी लागे. आतून तरफेने चालविता येणाऱ्या वायपरचे एकस्व (पेटंट) मेरी अँडरसन या अमेरिकन महिलेने १९०३ मध्ये मिळविले. १९२० नंतरच्या दशकात बंद शरीराच्या गाड्यांचा प्रसार झाला आणि त्याबरोबरच आतील हवा, उष्णता व बाष्प यांचे प्रश्न निर्माण झाले. १९३० मध्ये गाडीत बसविण्याजोगा रेडिओ बाजारात आला. १९४० च्या नमुन्यांसाठी पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने कारखान्यातच बसविलेली वातानुकूलन यंत्रणा देऊ केली. परंतु ती अवजड व महाग असल्याने लवकरच मागे पडली. १९५४ मध्ये नॅश कंपनीने तापन व शीतन यांची एकत्रित, आटोपशीर यंत्रणा वापरात आणली. व्होल्व्हो या स्वीडिश कंपनीतील नील्स बोलिन यांनी तयार केलेला तीन ठिकाणी जखडणारा आसनपट्टा १९५९ पासून प्रचारात आला.

भारतात मोटार ही प्रथम संस्थानिक, उच्च अधिकारी व धनिक यांच्यापुरतीच मर्यादित होती. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जर्मन बनावटीची मेबॅक मोटार त्या काळाची साक्ष देते. दसरा चौकातील शाही दसरा समारंभाच्या वेळी ती लोकांना पाहावयास मिळते. स्वातंत्र्योत्तर काळात अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांनी दीर्घकाळ मध्यमवर्गाची व सरकारी कचेऱ्यांची गरज भागविली. हाताने फिरवावयाच्या काचा व वाऱ्याचा झोत आत वळविणारी दारापुढील लहान त्रिकोणी काच ही त्यांतील वायुवीजनाची मुख्य साधने होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही गाडी बाजारात आल्यानंतर लहान गाड्यांचा प्रसार वेगाने झाला व पुढील काही दशकांत वातानुकूलन, विजेवर चालणाऱ्या काचा आणि मध्यवर्ती कुलूप या सोयी सामान्य गाड्यांतही रूढ झाल्या.

बैठक : चालकाची बैठक पुढेमागे सरकविता येते व तिच्या पाठीचा कोन बदलता येतो, काही गाड्यांत तिची उंची व कमरेचा आधारही जुळविता येतो. पायातील पट्टी (पेडल) पूर्ण दाबली असता गुडघा किंचित वाकलेला राहील इतपत बैठक पुढे असावी. पाठ टेकलेली असताना मनगट सुकाणू चाकाच्या वरच्या कडेवर सहज पोहोचावे. मात्र छाती व चाकाचा मध्य यांत किमान २५ सेंमी. अंतर असावे, कारण चाकात बसविलेली हवेची पिशवी अपघाताच्या वेळी अत्यंत वेगाने फुगते. डोक्यामागील उशी ही विसाव्यासाठी आहे, असा समज आढळतो. मागून धडक बसली असता मान मागे झटकली जाऊ नये हे तिचे मुख्य कार्य होय. म्हणून तिची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीपर्यंत आणावी लागते. मानेशी ठेवलेली उशी अपाय करू शकते.

पुढे बसलेल्या उताऱ्याने बैठकीची पाठ पार मागे पाडून झोपणे धोक्याचे असते. अशा स्थितीत धडकेच्या वेळी शरीर पट्ट्याखालून पुढे सरकते आणि ओटीपोटाच्या हाडांवर राहावयाचा पट्टा पोटातील मऊ इंद्रियांवर दाबला जातो. गर्भवती स्त्रीने खालचा पट्टा पोटाच्या खालून व वरचा छातीच्या मध्यातून घ्यावयाचा असतो. मागे तोंड करून बसविण्याचे तान्ह्या मुलाचे आसन, हवेची पिशवी कार्यान्वित असलेल्या पुढील बैठकीवर कधीही ठेवू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चालक, पुढील उतारू व मागील बैठकीवर पुढे तोंड करून बसणारे उतारू या सर्वांना पट्टा बांधणे आवश्यक आहे.

वायुवीजन व वातानुकूलन : वातानुकूलन यंत्रणेतील संपीडक सामान्यतः एंजिनाच्या शक्तीवर चालतो. तो वायुरूप प्रशीतकाचा दाब व तापमान वाढवितो. पुढील जाळीमागच्या संघनकात प्रशीतक आपली उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. नंतर झडपेतून जाताना त्याचा दाब एकदम कमी होतो व बाष्पनकात त्याचे बाष्पीभवन होऊन सभोवारची हवा थंड होते. या थंड पृष्ठावर हवेतील बाष्प साचते व त्याचे पाणी नळीवाटे गाडीखाली ठिबकते. म्हणजे ही यंत्रणा हवा थंड करते तशीच ती कोरडीही करते. हा दुसरा गुण पावसाळ्यात अधिक महत्त्वाचा ठरतो. तापकाला उष्णता एंजिनाच्या शीतक पाण्यातून मिळत असल्यामुळे त्यासाठी जादा इंधन जवळजवळ लागत नाही [⟶ वातानुकूलन].

यंत्रणेला बाहेरची ताजी हवा घ्यावयाची की आतलीच पुन्हा फिरवावयाची, हे ठरविणारी कळ बहुतेक गाड्यांत असते. आतली हवा फिरविल्यास गारवा लवकर येतो आणि धूळ किंवा ट्रकचा धूर टाळता येतो. परंतु उताऱ्यांच्या श्वसनाने कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण वाढत जाते व चालकाला जडपणा आणि पेंग येऊ शकते. यामुळे महामार्गावरील लांब प्रवासात ही कळ सतत आतल्या हवेवर न ठेवता मधूनमधून ताजी हवा घेणे इष्ट असते.

काचांवरील बाष्प : कोल्हापुरातून कोकणात उतरणारे मार्ग गगनबावड्यानजीकच्या करूळ व भुईबावडा घाटांतून, राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाटातून आणि रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटातून जातात. पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुके व संततधार असते. अशा वेळी बंद गाडीतील काचा आतून धुरकटतात. याचे कारण उताऱ्यांच्या शरीरातून बाहेर पडणारे बाष्प होय. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य श्वास व त्वचा यांवाटे ताशी सु. ४० ते ५० ग्रॅ. बाष्प सोडतो, चौघांचे मिळून ते १५० ग्रॅ. हून अधिक होते. गाडीच्या आतील जागा ३ घ. मी. धरली, तर २०° से. तापमानाला त्या हवेत जास्तीत जास्त सु. ५० ग्रॅ. बाष्प सामावू शकते. भिजलेले कपडे व छत्र्या यांची त्यात भर पडते. परिणामी काही मिनिटांतच हवा संपृक्त होते आणि पावसाने गार झालेल्या काचेवर दव साचते.

अशा वेळी अनेक चालक थंडी वाजते म्हणून वातानुकूलन बंद करतात व पाऊस आत येऊ नये म्हणून आतलीच हवा फिरवितात. या दोन्ही कृतींनी बाष्प वाढते. योग्य उपाय याच्या उलट आहे. कळ बाहेरच्या हवेवर ठेवून वातानुकूलन चालू करावे, तापमान उबदार ठेवावे, झोत पुढील काचेकडे वळवावा व पंख्याचा वेग वाढवावा. आत येणारी हवा प्रथम बाष्पनकावर कोरडी होते, मग तापकावर गरम होते व काचेवरील दव शोषून घेते. वातानुकूलन नसलेल्या गाडीत तापक व पंखा चालू करून दोन बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवल्या तरी पुष्कळ फरक पडतो. हाताने काच पुसल्यास तिच्यावर तेलकट पट्टे राहतात व समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांनी ते चमकून दृष्टीला अडथळा होतो.

घाट उतरल्यावर परिस्थिती पालटते. उंचीनुसार तापमान दर १,००० मी. ना सरासरीने सु. ६·५° से. कमी होत असल्याने पायथ्याची हवा माथ्याहून सु. ३° से. उष्ण असते व तीत बाष्पही अधिक असते. अशा हवेत आतील झोत फार थंड ठेवून काचेवर सोडला, तर काच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा गार होते व दव बाहेरून साचते. आतून पुसून ते जात नाही. तेव्हा वायपर चालवावा, झोत काचेवरून पायांकडे वळवावा व आतील तापमान थोडे वाढवावे. दव काचेच्या कोणत्या बाजूस आहे, हे बोटाने पाहिल्यास कोणता उपाय करावयाचा ते तत्काळ ठरते. ताशी ६० किमी. वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सु. १७ मी. अंतर तोडते, घाटातील वळणाच्या दृष्टीने हे अंतर थोडे नव्हे.

उभ्या गाडीतील धोके : एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरातील कमाल तापमान ३५° से. च्या वर जाते. बंद काचांतून सूर्यप्रकाश आत येतो, परंतु तापलेल्या गाद्यांची उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. तासाभरात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा २०° से. किंवा अधिक वाढू शकते व यातील बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा उपयोग होत नाही. लहान मुलांचे शरीर प्रौढांपेक्षा पुष्कळच लवकर तापत असल्यामुळे थोड्या वेळासाठीही मुलास बंद गाडीत ठेवणे प्राणघातक ठरू शकते. तापलेल्या गाडीत बसण्यापूर्वी सर्व दारे उघडून कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, प्रथम काही मिनिटे काचा उघड्या ठेवून गाडी चालवावी आणि त्यानंतर काचा लावून आतली हवा फिरवावी.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडाचा आहे. या वायूला रंग व वास नसतो आणि रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पटींनी दृढपणे जोडला जातो. बंद गॅरेजमध्ये किंवा धूरनळी चिखलात रुतलेली असताना एंजिन चालू ठेवून गाडीत झोपल्यास तो आत शिरण्याचा संभव असतो व झोपेतच शुद्ध हरपते. डोके दुखणे व मळमळणे ही आरंभीची लक्षणे दिसताच मोकळ्या हवेत जावे लागते.

काचा, कुलपे व पूर : विजेवर चालणाऱ्या काचांत मुलांची बोटे किंवा मान अडकू नये म्हणून चालकाजवळ मागील काचांची कळ बंद करण्याची सोय असते; मागील दारांना आतून न उघडणारे बालकुलूपही असते. पुराच्या वेळी याच सोयींकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत कोल्हापूरनजीक शिरोली येथे पुणे-बंगळूर महामार्गावर पंचगंगेचे पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानली जाते.

पाण्यात सापडलेल्या गाडीचे दार एक मीटर रुंद आहे व बाहेरचे पाणी त्याच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर वर आले आहे असे धरले, तर दारावर सु. १२५ किग्रॅ. वजनाइतका दाब पडतो. ते आतून ढकलणे बहुतेकांना अशक्य असते. विद्युत् मंडल भिजल्यावर काचाही बंद पडू शकतात. म्हणून पाणी दारापर्यंत येताच प्रथम पट्टे सोडून, विलंब न करता बाजूच्या काचा खाली कराव्यात व मुलांना आधी बाहेर काढावे. बाजूची काच बहुधा दृढीकृत असते व तिच्या कोपऱ्याशी टोकदार हातोडीचा आघात केल्यास तिचा चुरा होतो. पुढील काच थरांची असल्याने ती अशी फुटत नाही. ही हातोडी सामानाच्या कप्प्यात न ठेवता हाताशी ठेवणे आवश्यक असते. वाहत्या पाण्यात गाडी न घालणे हाच अर्थात खरा उपाय होय.

प्रकाश, आरसे व इतर सोयी : रात्री मागील वाहनाच्या दिव्यांनी डोळे दिपू नयेत म्हणून मधल्या आरशाखाली लहान दांडी असते, ती फिरविल्यावर आरशातून मंद प्रतिबिंब दिसते. गाडीच्या आतील दिवा चालू ठेवल्यास बाहेरचा अंधार अधिक गडद भासतो, म्हणून घाटात तो बंद ठेवतात. समोरच्या फळीवर अंबाबाई, जोतिबा किंवा गणपती यांची लहान मूर्ती ठेवण्याची प्रथा या भागात सर्वत्र आढळते. तीसाठी हवेच्या पिशवीच्या झाकणावरची जागा टाळणे व आरशाला लांब हार न बांधणे सुरक्षित असते. नव्या गाड्यांतील स्पर्शपटलावर दोन सेकंद नजर गेली, तर ताशी ६० किमी. वेगाने सु. ३३ मी. अंतर न पाहता कापले जाते. त्यामुळे संगीत, मार्गदर्शक नकाशा व तापमान यांची जुळणी निघण्यापूर्वी करणे हितावह ठरते. गती आपोआप स्थिर राखणारी यंत्रणा ओल्या रस्त्यावर वापरत नाहीत.

काचांतून प्रकाश किती पार जावा, यावर नियमांनी मर्यादा घातली आहे. पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश पार गेला पाहिजे. काचांवर काळ्या फिती चिकटविण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली.

देखभाल : आत येणारी हवा गाळणारी गाळणी धुळीने भरली की झोत मंद होतो व काचा लवकर धुरकटतात, पावसाळ्यापूर्वी ती स्वच्छ करावी किंवा बदलावी. बाष्पनकाची नळी तुंबल्यास पाणी पायाखालच्या सतरंजीत मुरते, कुबट वास येतो व बाष्पात आणखी भर पडते. पूर्वी वापरात असलेला आर-१२ हा प्रशीतक वातावरणातील ओझोन थराला हानिकारक असल्याचे आढळल्यावर १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार त्याचा वापर क्रमाक्रमाने बंद झाला व त्याच्या जागी आर-१३४ए आला; तोही तापमानवाढीस कारणीभूत होत असल्याने अनेक देशांत नव्या गाड्यांसाठी त्याचा वापर कमी होत आहे. प्रशीतकाची गळती ही यामुळे केवळ गाडीच्या मालकाच्या गैरसोयीची बाब राहत नाही [⟶ प्रशीतन].