रिव्हर्स गेला? गिअरबॉक्स उघडण्याआधी थांबा

सकाळी साडेआठची वेळ. मुलुंडच्या सोसायटीत गाडी नाकाने भिंतीकडे लावलेली. लिव्हर ‘आर’वर आणला, रेस दिली, इंजिन गुरगुरलं, पण गाडी जागची हलली नाही. ‘डी’वर मात्र पुढे सरकते. आपल्या उपनगरांत मागे घेतल्याशिवाय गाडी पार्किंगमधून निघतच नाही. इथे रिव्हर्स गेला म्हणजे गाडीच अडकली.

मग गॅरेजमध्ये ऐकू येतं, ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल.’ कधी खरंच लागतो. पण हे निदान नव्हे, शस्त्रक्रिया आहे. निदान आधी व्हायला हवं.

आधी गाडी कोणत्या जातीची ते पाहा. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. एएमटीच्या पोटात साधाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. तिथे दोष अनेकदा बाहेरच सापडतो: कमजोर बॅटरी, पंपाचा रिले, अ‍ॅक्च्युएटरमधलं कमी झालेलं तेल किंवा ब्रेक पेडलचा स्विच. ब्रेक दाबल्याचा इशारा पोहोचला नाही, तर कॉम्प्युटर गिअर टाकतच नाही.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीचं तंत्र वेगळं. मधल्या चाकाभोवती छोटी दातेरी चाकं ग्रहांसारखी फिरतात. त्यातलं कोणतं धरायचं आणि कोणतं सोडायचं, यावर गिअर ठरतो. धरण्याचं काम तेलाच्या दाबाने आवळणाऱ्या क्लच प्लेटा आणि ब्रेक करतात. बहुतेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला हा दाब पुढच्या गिअरांपेक्षा जास्त लागतो. त्यामुळे तेल कमी झालं किंवा सील गळू लागलं, की पुढचे गिअर कसेबसे निभावतात आणि रिव्हर्स आधी हात टेकतो. गाडी थंड असताना रिव्हर्स उशिरा पडतो आणि तापल्यावर सुधारतो, तेव्हा कडक झालेल्या सीलवर संशय घ्या.

मागचा पांढरा दिवा पाहायला विसरू नका. ‘आर’वर तो लागत नसेल, तर बल्ब तपासून आधी लिव्हरची केबल आणि गिअर ओळखणारा स्विच पाहायचा.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची खूण. अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला लागणारा ब्रेकच लिव्हर ‘एल’वर असताना गाडी उतारावर रोखतो. घाटकोपरला असल्फ्याकडे असतो तसा, पण मोकळा उतार निवडा. ‘एल’वर हळू उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडा. इंजिन गाडीला रोखत नसेल, तर दोष बहुधा त्या ब्रेकमध्ये. रोखत असेल, तर रिव्हर्सचा क्लच किंवा तेल वळवणारी व्हॉल्व्ह बॉडी तपासायची. दुहेरी क्लचच्या काही गाड्यांत रिव्हर्स आणि 2, 4, 6 हे गिअर एकाच क्लचवर असतात. तेही गेले असतील, तर संशयित एकच उरतो.

तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. काळपट आणि जळका वास असेल, तर प्लेटा जळाल्या. तिथे गिअरबॉक्स उघडणं अटळ. दुधाळ गुलाबी असेल, तर पाणी शिरलंय: रेडिएटरमधल्या कूलरमधून, नाहीतर जुलैतल्या अंधेरी सबवेतून. पाण्याने प्लेटांवरचं अस्तर सुटतं, म्हणून तुंबलेल्या पाण्यातून आलेल्या गाडीचं तेल त्याच आठवड्यात तपासून घ्या.

कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेल्या मेकॅनिकांना बिघाड कानाने कळायचा. ते कसब मोठंच होतं, पण ऑटोमॅटिकला ते पुरत नाही. स्कॅनरवरचे कोड लिहून मागा आणि तेलाचा दाब मापकाने मोजायला सांगा. दोन्ही होईपर्यंत गिअरबॉक्स उतरवायला होकार देऊ नका.

आणि गाडी न्यायची असेल, तर फ्लॅटबेडच मागवा. इंजिन बंद असताना बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंपही बंद असतो. चालणारी चाकं रस्त्यावर ठेवून ओढली, तर उरलेले गिअरही कोरडे घासून जातात.