'डेफिशिएंट' पाऊस म्हणजे नेमका किती कमी?

पावसाळ्यात व्हॉट्सअॅपवर हवामान विभागाचा रंगीत नकाशा फिरतो आणि जिल्ह्याच्या नावापुढे 'डेफिशिएंट' लिहिलेलं दिसतं. बहुतेक जण त्याचा अर्थ 'दुष्काळ' असा लावून पुढे पाठवतात. तसा तो नाही.

डेफिशिएंट हे विशेषण आहे. जेवढं हवं त्यापेक्षा कमी असलेलं, म्हणजेच तुटीचं. ज्याची तूट आहे ते सांगताना इंग्रजीत पुढे 'इन' येतं: 'डेफिशिएंट इन आयर्न', म्हणजे लोहाची कमतरता असलेला. इनसफिशिएंट म्हणजे कामाला न पुरणारं, अपुरं. स्कँटी म्हणजे तुटपुंजं.

हवामान विभागाने मात्र या शब्दाला आकडा बांधून दिला आहे. सरासरीपेक्षा 19 टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त पाऊस असेल तर तो 'नॉर्मल'. 20 ते 59 टक्के तूट असेल तर 'डेफिशिएंट'. 60 ते 99 टक्के तूट 'लार्ज डेफिशिएंट'. यालाच पूर्वी 'स्कँटी' म्हणत. नकाशात डेफिशिएंट लाल आणि लार्ज डेफिशिएंट पिवळा असतो. पिवळा म्हणजे सौम्य असं वाटतं, पण इथे उलटं आहे!

आता कोपरगावचा शेतकरी हा नकाशा पाहतो तेव्हा काय होतं? नकाशा अख्ख्या जिल्ह्याचा. त्यात अकोल्याच्या घाटमाथ्यावरचा धो धो पाऊसही आला आणि पर्जन्यछायेतलं कोपरगावही आलं. जिल्हा हिरवा दिसला म्हणून कोपरगावात पेरणी साधली असं नाही. शिवाय गोदावरीच्या कालव्यांना पाणी येतं ते नाशिककडच्या धरणांतून, म्हणजे तिकडचा पाऊसही बघावा लागतो.

दुष्काळ जाहीर करणं हे हवामान विभागाचं कामच नाही, ते राज्य सरकार करतं. त्यासाठी पावसाबरोबर पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा वगैरेही तपासतात. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. कोपरगावच्या शेजारचे सिन्नर आणि येवला त्या यादीत होते, कोपरगाव नव्हतं. शिवेच्या अलीकडे-पलीकडे आभाळ काही बदलत नाही, त्यामुळे नाराजी समजण्यासारखी आहे. नोव्हेंबरमध्ये उरलेल्या तालुक्यांतल्या महसूल मंडळांसाठी 'दुष्काळसदृश परिस्थिती'चा वेगळा निकष लागला: सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी आणि एकूण 750 मिलिमीटरहून कमी पाऊस.

हिशेबासाठी एखाद्या मंडळाची सरासरी 400 मिलिमीटर धरा. 325 मिलिमीटर पडला तर हवामान विभागाच्या भाषेत 'नॉर्मल'. 315 पडला तर 'डेफिशिएंट', पण त्या निकषात नाही, कारण तिथे 300 च्या खाली जावं लागतं. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वीजबिलातली सवलत हे सगळं सरकारच्या यादीवर मिळतं. तेव्हा नकाशा पुढे पाठवण्याआधी आपलं मंडळ त्या यादीत आहे का, ते तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात विचारा.